मुलांच्या कॉम्प्युटरवर गेमच्या साइट्स बंद कशा कराव्यात

सुरुवात साइट्सपासून नाही, खात्यापासून करा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून मुलाचं खातं 'स्टँडर्ड' आहे ना, ते पाहा. बऱ्याच घरांत सगळे मिळून एकच खातं वापरतात आणि ते 'ॲडमिनिस्ट्रेटर', म्हणजे सगळं बदलण्याचा अधिकार असलेलं असतं. तसं असेल तर पुढचं सगळं मूल दोन मिनिटांत पुसून टाकेल. पालकांचं ॲडमिन खातं वेगळं करा, त्याचा पासवर्ड मुलाला कळू देऊ नका, मगच पुढे जा.

आता मुलाच्या ब्राउझरची हिस्ट्री (कंट्रोल आणि एच) उघडून नेमक्या साइट्स टिपून घ्या. हजारो नावांच्या तयार यादीपेक्षा मूल खरोखर उघडतं त्या दहा-बारा साइट्स जास्त महत्त्वाच्या.

त्या बंद करायला होस्ट्स फाइल पुरते. साइटचं नाव कोणत्या पत्त्यावर न्यायचं, हे कॉम्प्युटर आधी या फाइलमध्ये पाहतो; तिथे ०.०.०.० हा पोकळ पत्ता दिला की साइट उघडत नाही. ॲडमिन खात्यातून नोटपॅडवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. फाइल-ओपनमधून सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जा. फोल्डर रिकामा दिसला तर घाबरू नका, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. होस्ट्स फाइलच्या शेवटी प्रत्येक साइटसाठी एक ओळ लिहा: आधी ०.०.०.०, मग एक स्पेस, मग साइटचं नाव. आकडे आणि नाव दोन्ही इंग्रजीत टाइप करा. नावाआधी एचटीटीपीएस नको, शेवटी तिरकी रेघ नको. सेव्ह करून ब्राउझर पूर्ण बंद करा आणि पुन्हा उघडा. तरीही साइट उघडली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' ही आज्ञा इंग्रजीत (ipconfig /flushdns) द्या; तिने कॉम्प्युटरने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, फाइलच्या नावामागे टीएक्सटी चिकटतं. मग विंडोज ती वाचतच नाही. दुसरी, फक्त मूळ नाव लिहिलं जातं. होस्ट्स फाइलला 'या नावाखालचं सगळं' असं सांगता येत नाही, त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या नावाची ओळ वेगळी लिहावी लागते.

होस्ट्सचा मोठा फायदा म्हणजे ती सर्वसाधारणपणे सगळ्या ब्राउझरना लागू होते, इनकॉग्निटो खिडकीलाही. पण साइटचं एखादंच पान तिला अडवता येत नाही, आणि मुलं नेमकी तिथूनच निसटतात. 'अनब्लॉक्ड गेम्स' नावाची कितीतरी पानं गुगल साइट्सवर असतात. तिथेच शाळेचीही पानं असू शकतात, म्हणून अख्खी साइट बंद करणं चुकीचं ठरेल.

अशा पानांसाठी क्रोमची पॉलिसी, म्हणजे ॲडमिनने ब्राउझरला घालून दिलेला नियम वापरा. रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचा प्रोग्रॅम; तोही ॲडमिन खात्यातून उघडा) एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम या क्रमाने जा. तिथे गुगल किंवा क्रोम नावाची 'की' (फोल्डरसारखा कप्पा) नसेल तर ती तयार करा. त्याखाली 'यूआरएलब्लॉकलिस्ट' (इंग्रजीत URLBlocklist) नावाची 'की' करून १, २, ३ अशा नावांच्या स्ट्रिंग व्हॅल्यू टाका आणि प्रत्येकीत एक पत्ता, पानाच्या वाटेसकट. इथे नुसतं साइटचं नाव दिलं तरी तिची उपनावंही (मूळ नावाआधी काही जोडून झालेली नावं) बंद होतात. एजसाठी हेच मायक्रोसॉफ्टखालच्या एज कीमध्ये करायचं. ही पॉलिसी फक्त त्या त्या ब्राउझरपुरती असते, आणि काही ब्राउझर ॲडमिन पासवर्डशिवायही बसवता येतात. म्हणून होस्ट्स आणि पॉलिसी दोन्ही ठेवा, आणि अधूनमधून नवा ब्राउझर आलाय का ते पाहा.

आणखी एक वाट राउटरची. ओपनडीएनएस ही साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी आणि नको त्या साइट्स अडवणारी सेवा आहे. राउटरवर तिचे २०८.६७.२२२.२२२ आणि २०८.६७.२२०.२२० हे पत्ते टाकून, तिच्या होम खात्यात 'गेम्स' हा प्रकार बंद केला तर तो घरातल्या सगळ्यांनाच बंद होतो. तुमचा आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता) बदलत असेल तर नवा पत्ता सेवेला कळवणारं तिचं अपडेटर पालकांच्या कॉम्प्युटरवर चालू ठेवावं लागतं. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' (साइटचे पत्ते शोधायची ब्राउझरची स्वतःची सोय) दुसऱ्या सेवेवर लावलं, व्हीपीएन एक्स्टेंशन (दुसऱ्या सर्व्हरमार्गे साइट उघडणारी ब्राउझरची जोडणी) टाकलं किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, की राउटरचा अडथळा संपला.

शेवटी मुलाच्या खात्यात लॉगिन करून यादीतली प्रत्येक साइट स्वतः उघडून पाहा, आणि शाळेची पोर्टल्स चालतात ना, तेही.