जुन्या गाडीचा उचललेला डॅशबोर्ड पुन्हा कसा बसवावा

पुढच्या काचेच्या बुडाशी डॅशबोर्डची कड उचलली गेली की बहुतेक जण आधी गोंद शोधतात. वास्तविक आधी शोधायचे असते ते नेमके काय सुटले आहे. कडेवर बोटाने हलकेच दाबून पाहावे. वरचे रेक्झिन तेवढे खाली जाऊन पुन्हा वर येत असेल, तर आवरण फोमपासून सुटलेले आहे; पण संपूर्ण पट्टा हलून आतून खटखट आवाज येत असेल, तर क्लिपा तुटल्या आहेत किंवा स्क्रू सैल झाले आहेत आणि तिथे गोंदाचा काहीही उपयोग नाही. क्लिपा बदलाव्यात, आणि स्क्रूभोवतीचे प्लास्टिक तडकले असेल तर त्याखाली रुंद वॉशर घालून स्क्रू बेताने आवळावा.

आवरण सुटण्याचे कारण ऊन हेच असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेम्पी येथे झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे तापमान सरासरी सुमारे 69 अंश सेल्सिअस भरले होते. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिनेही गाडीवर दया करणारे नाहीत. अशा उष्णतेत रेक्झिन मऊ ठेवणारी प्लास्टिसायझर नावाची द्रव्ये हळूहळू उडून जातात. काचेच्या आतल्या बाजूला जमणारा तेलकट पातळ थर पुष्कळदा त्यांचाच असतो. ती द्रव्ये गेली की रेक्झिन आक्रसते, कडक होते आणि सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे काचेलगतच्या कडेला, ओढ घेऊन सुटते. म्हणून सुटलेली कड नुसती दाबून चिकटवली तर ती पुन्हा उचलणारच, कारण आवरण मुळात तोकडे पडलेले असते.

शेजारच्या सीटसमोर एअरबॅग असेल, तर तिच्या झाकणावर किंवा त्याच्या आसपास गोंद, छेद, उष्णता यांपैकी काहीही करू नये. ते काम जाणकारावर सोपवावे. भारतात शेजारच्या सीटची एअरबॅग 2021 पासून सक्तीची झाली, त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांत ती नसते, तरीही गाडीच्या पुस्तिकेत खात्री करून घ्यावी.

खरी मेहनत सफाईत आहे. वर्षानुवर्षे मारलेल्या चकाकीच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉन असते आणि त्यावर कोणताही गोंद धरत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आवरणाची दोन्ही अंगे पुसावीत, ती सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवावा. थिनर वापरू नये, त्याने रेक्झिनचा पृष्ठभाग बिघडतो. मग कड जरा उचलून आतला फोम पाहावा. जुना फोम बोट लावताच पिवळसर भुकटी होऊन गळत असेल, तर तेवढा भाग जुन्या टूथब्रशने खरवडून घट्ट थरापर्यंत जावे आणि भुकटी व्हॅक्यूमने काढावी. भुकटीवर लावलेला गोंद भुकटीलाच चिकटतो, डॅशबोर्डला नाही. खळगा मोठा पडला तर त्या मापाचा पातळ फोम कापून बसवावा.

गोंद कुशनवाले वापरतात तसा रबरी कॉन्टॅक्ट गोंद असावा, मात्र डब्यावर उष्णता सोसण्याची मर्यादा पाहून घ्यावी. ती 80 अंशांच्या खाली असेल तर तो घेऊ नये. गाडीची दारे उघडी ठेवावीत, जवळपास विडी-सिगारेट नसावी, आणि काच साफ करणाऱ्या हवेच्या जाळ्यांवर मास्किंग टेप लावावा.

गोंद लावण्याआधी ड्रायरने किंवा कमी आचेवरील हीट गनने कड फिरवत-फिरवत तापवावी. हात सोसेल इतकी गरम झाली की बोटांनी ती काचेकडे अलगद ओढून पाहावी. काही मिलिमीटर तरी सैल होते, आणि हेच काम बहुतेक जण वगळतात. गन एका जागी धरली की रेक्झिन चकाकते, दाणा म्हणजे त्यावरची खडबडीत नक्षी विरघळते आणि तो डाग कायमचा राहतो. ओढूनही कड जागेपर्यंत पोचत नसेल, तर ताणून फाडू नये.

नंतर रेक्झिन आणि फोम अशा दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर द्यावा. काचेखालची अरुंद जागा गाठण्यासाठी ब्रशचा दांडा थोडा वाकवून घेता येतो. गोंद बोटाला न लागेल इतका सुकू द्यावा, कारण हा गोंद ओला असताना जोडल्यास पकडत नाही, आणि सुकल्यावर एकदा टेकला की सरकवता येत नाही. म्हणून मध्ये बटर पेपर ठेवून कड जुळवावी आणि तो थोडा-थोडा ओढून काढत एका टोकाकडून दाबत जावे. वर वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, काचेवर भार येऊ देऊ नये, आणि रात्रभर तरी हलवू नये. पावसाळ्यात हे काम टाळावे, दमट हवेत गोंद नीट सुकत नाही.

मधोमध आलेल्या फुग्यात सिरिंजने हा गोंद भरू नये, कारण आत अडकलेले द्रावक बाहेर पडू शकत नाही आणि उन्हात फुगा पुन्हा येतो. रेक्झिनच्या दाण्याच्या रेषेत धारदार ब्लेडने बारीक छेद देऊन आत गोंद लावावा, दोन्ही ओठ उघडे ठेवून तो सुकू द्यावा आणि मगच दाबावे.

आवरण बोटभर आक्रसले असेल किंवा भेगा पडल्या असतील, तर डॅशबोर्ड काढून कुशनवाल्याकडून नवे रेक्झिन चढवून घेणेच योग्य. वरून स्क्रू मारून कड दाबण्याचा प्रकार मात्र अजिबात करू नये, कारण त्या भोकापासूनच पुढची भेग सुरू होते.