अपघातात दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई कशी ठरते?
अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची बाजारात काय किंमत होती, यावर बहुतेक हिशेब उभा असतो. शोरूमचा भाव किंवा उरलेलं कर्ज सहसा धरत नाहीत. दुरुस्ती त्या किमतीच्या आत बसली तर दुरुस्तीचा खर्च. नाही तर, भंगार तुमच्याकडेच राहिलं तर, बाजारभाव वजा भंगाराची किंमत. समजा गाडी १००ची, भंगार २०चं, दुरुस्ती ११०ची, तर हाती ८०. तुमची चूक २५ टक्के ठरली, तर अनेक देशांत त्याचे ६० होतात. झिजलेल्या टायरच्या जागी नवे बसवले की फरकही कापला जाऊ शकतो.

टोइंग आणि पर्यायी गाडीचं भाडं वेगळं मागा, पण वाजवी दिवसांपुरतंच.

दावे लटकतात ते बहुधा पुराव्यापायी. गाडी खोलण्याआधी फोटो काढा, बदललेले भाग ठेवा, तेच मॉडेल, तेच वर्ष आणि जवळपास तेवढंच रनिंग असलेल्या गाड्यांचे भाव जमवा.