क्लाससाठी व्हाइटबोर्ड घेताना, आणि घेतल्यावर

चिपळुणात मी आठवी ते दहावीच्या मुलांचे गणिताचे क्लास घेते. नव्यानं क्लास सुरू करणाऱ्या ओळखीतल्या मुलींचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न मापाचा असतो. "ताई, सहा बाय चार घेऊ की आठ बाय चार?" माझं उत्तर ठरलेलं आहे. माप नंतर ठरव, आधी बोर्डाचा पत्रा बघ, म्हणजे ज्यावर लिहायचं तो वरचा थर. पैसे कमी असतील तर बोर्ड लहान घे, पण चांगल्या पत्र्याचा घे. गणिताच्या बोर्डावरचं नीट पुसलं गेलं नाही, तर पुढचं गणितच बदलतं.

हे मी उगाच म्हणत नाही. साधा बोर्ड रोजच्या वापरात जुना झाला की पुसलेल्या अक्षरांची सावली मागे राहायला लागते. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीची समीकरणं सारखी चुकत होती. तिची वही उघडली तर रीत अगदी बरोबर होती, फक्त दुसऱ्या ओळीत ४ च्या जागी उणे ४ होते. मी तिच्या जागेवर जाऊन बसले आणि बोर्डाकडे बघितलं, तर ४ च्या डाव्या बाजूला आधीच्या गणितातल्या बेरजेच्या रेघेचा एक तुकडा राहिला होता. जवळून बघणाऱ्याला ताजी शाई आणि जुनी सावली यांतला फरक कळतो. शेवटच्या बाकावरून दोन्ही सारखंच काळपट दिसतं. दशांश चिन्हाचंही तसंच. एक ठिपका राहिला की २५ चे २.५ होतात. मराठी शिकवणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण आपल्या लिपीत अनुस्वार म्हणजे एक ठिपकाच.

तर पत्रा. बाजारात मिळणारे बोर्ड ढोबळमानानं चार प्रकारचे असतात. सगळ्यांत स्वस्त तो मेलामाइनचा, म्हणजे हार्डबोर्डवर किंवा भुशाच्या फळीवर सनमायकासारखा पांढरा थर चिकटवलेला. नवा असताना तो छान पुसला जातो. पण हा थर मऊ असतो. घासून घासून त्याची चकाकी जाते, बारीक छिद्रं उघडी पडतात आणि शाईतला रंग त्यांत बसतो. घरात हिशेब किंवा किराण्याची यादी लिहायला तो पुरेसा आहे. रोज तीन-चार बॅच घेणारीनं त्याच्या वाटेला जाऊ नये. दुसरा प्रकार रंग दिलेल्या पोलादी पत्र्याचा. हा मेलामाइनपेक्षा बराच टिकतो, पण ओरखडा गेला की रंग निघतो आणि तिथे शाई धरते.

तिसरा तो सिरॅमिक किंवा पोर्सेलिन म्हणून विकला जाणारा. यात पोलादी पत्र्यावर काचेची पूड सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेली असते. आजीच्या घरचे पांढरे, निळ्या काठाचे इनॅमलचे मग आठवा, तीच ही पद्धत. वर्षानुवर्षं चहा पिऊनही त्या मगांना डाग धरत नव्हता, कारण वरचा थर मुळात काचेचा. किंमत साध्या बोर्डाच्या दुप्पट-तिप्पट सहज जाते, पण क्लाससाठी मी हाच घ्यायला सांगते. चौथा काचेचा. पुसायला त्याच्याइतका सोपा कुठलाच नाही. पण तो जड असतो, भिंत पक्की लागते आणि खिडकीचा उजेड त्यावर आरशासारखा चमकतो. एखाद्या लहान ऑफिसात ठीक आहे, मुलांच्या वर्गात मला तो पटत नाही.

दुकानात जाताना फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक पर्समध्ये टाका. ते घट्ट चिकटलं तर खाली पोलादी पत्रा आहे. नुसतं मेलामाइन असेल तर खाली पडेल. रंगाचा पत्रा आणि सिरॅमिक यांतला फरक मात्र चुंबकानं कळत नाही. तो बिलावर लिहून घ्या आणि पत्र्यावर किती वर्षांची हमी आहे ते स्पष्ट विचारा. मग बोर्ड उलटा करून मागची बाजू बघा. आमच्या कोकणात ही बाजू फार महत्त्वाची. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, मागची भुशाची फळी ती पिते, फुगते आणि पुढचा पत्रा मध्यभागी पोटासारखा वर येतो. त्यामुळे पाठीला ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताच्या पत्र्याचा थर आहे ना, आणि चारही कडा चौकटीत नीट बंद आहेत ना, हे बघूनच घ्या. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर खराब झालेले बरेच बोर्ड मी पाहिले. पुढचा पत्रा धुऊन स्वच्छ झाला होता, मागची फळी हातात सुटी येत होती.

आता माप. दहा-बारा मुलांना ४ बाय ३ फूट पुरतो, पंचवीसेक मुलांना ६ बाय ४. त्याहून मोठ्या वर्गाला ८ बाय ४ लागतो. अक्षराचा माझा हिशेब असा: शेवटचा बाक दर दहा फूट लांब गेला की अक्षराची उंची एक इंचानं वाढवायची. वीस फुटांवर बसलेल्या मुलाला दोन इंची अक्षर हवं. आपल्या लिपीत अक्षराच्या वर वेलांटी आणि खाली उकार येतो, म्हणून दोन ओळींतली जागाही सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकतो.

टांगताना दोन खिळ्यांवर भागवू नका. चारही कोपऱ्यांत भिंतीत प्लग बसवून स्क्रू मारून घ्या. आठ फुटी बोर्डाला मध्येही आधार द्या. बसलेल्या मुलांसाठी खालची कड जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास ठेवा. मी एक गोष्ट आवर्जून करवून घेते. बोर्डाच्या मागे लाकडी पट्ट्या लावायच्या, खाली पाव इंचाची आणि वर इंचभर जाडीची. त्यामुळे भिंतीची ओल बोर्डाला लागत नाही, मागून वारा खेळतो. शिवाय बोर्ड वरून जरासा पुढे झुकतो आणि ट्यूबलाइटची चमक मुलांच्या डोळ्यांवर न येता खाली जाते. बोर्डासमोरच्या भिंतीत खिडकी असेल तर जागाच बदला. खिडकी बाजूच्या भिंतीत असावी. सुतार जायच्या आधी प्रत्येक बाकावर स्वतः बसून बघा. एखाद्या बाकावरून बोर्डाचा एक कोपरा पांढराफटक दिसत असेल, तर त्याच वेळी दिवा किंवा बोर्ड सरकवता येतो.

नवा बोर्ड बसला की त्यावरची पातळ प्लास्टिकची फिल्म काढा. कित्येकांना ती दिसतच नाही, ते तिच्यावरच लिहितात आणि बोर्ड पुसला जात नाही म्हणून दुकानदाराशी भांडतात. चौकटीच्या कोपऱ्यात नखानं उचलून बघितलं की कळतं. मग एका कोपऱ्यात चारही रंगांनी एकेक ओळ लिहा, रात्रभर ठेवा आणि सकाळी कोरड्या डस्टरनं पुसा. सावली राहिली तर बोर्ड त्याच दिवशी परत करा.

मार्करबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बोर्ड खराब होण्याची निम्मी कारणं तिथे असतात. व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईत रंगाची पूड असते, लगेच उडून जाणारं अल्कोहोल असतं, पातळ थर बांधणारं राळेसारखं द्रव्य असतं आणि शिवाय एक तेलकट घटक असतो. हा तेलकट घटक शाईला पत्र्याला घट्ट चिकटू देत नाही, म्हणून ती कोरड्या कापडानं निघते. लिहिलेलं बरेच दिवस तसंच ठेवलं तर हा घटक कमी होत जातो आणि शाई पत्र्याला धरते. म्हणून आठवड्याचं वेळापत्रक बोर्डावर लिहून ठेवायची सवय मला आवडत नाही. त्यासाठी शेजारी एक कागद लावा.

मी कॅम्लिनचे रिफिल करता येणारे मार्कर वापरते. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी ही कंपनी सुरू केली तीच मुळी शाईपासून. कुठल्याही कंपनीचा घेतलात तरी रिफिल होणारा घ्या, प्लास्टिकचा कचरा कमी होतो. शाई एकदम ओतू नका. थेंब थेंब घाला, टोपण लावून तासभर आडवा ठेवा, मगच लिहा. मार्कर नेहमी आडवेच ठेवावेत. पेनस्टँडमध्ये टोक वर करून ठेवले की रंग खाली बसतो आणि टोक कोरडं पडतं. टोपण "टक" वाजेपर्यंत दाबायचं, ही जबाबदारी मी दर महिन्याला एका मुलाकडे देते आणि मुलं ती फार मनापासून पाळतात. परमनंट मार्कर मात्र त्या टेबलावरही नको. दिसायला दोन्ही सारखे असतात, घाईत हातात भलताच येतो. तो कपाटात वेगळ्या डब्यात ठेवा.

रंगांत मुख्य लिखाण काळ्यानं, आकृती निळ्यानं. लाल फक्त अधोरेखित करायला, कारण माझ्या अनुभवात तोच पुसायला सगळ्यांत चिवट. आकृतीतले दोन भाग लाल आणि हिरव्या रंगांनी वेगळे दाखवू नका. वर्गातल्या एखाद्या मुलाला ते दोन रंग वेगळे दिसत नसतील आणि तो ते कधीच बोलून दाखवणार नाही. एक भाग निळा करा, दुसऱ्याला तिरप्या रेघा मारा. बोर्डाचा डावा पट्टा सूत्रांसाठी राखून ठेवा आणि तास संपेपर्यंत पुसू नका. खालचा फूटभर भाग मोकळा सोडा, तो पुढच्यांच्या डोक्यांमुळे मागे दिसत नाही.

स्वच्छतेचं वेळापत्रक साधं आहे. प्रत्येक तासानंतर कोरडं डस्टर वरून खाली फिरवा, गोल गोल नको. गोल फिरवलं की भुकटी बोर्डभर पसरते. हातानं पुसायला मुलांना सक्त मनाई करा. केसांचं खोबरेल हाताला असतंच, ते पत्र्यावर लागलं की त्या जागी मार्कर उमटत नाही. दिवस संपला की ओलसर सुती फडक्यानं एकदा पुसा आणि लगेच कोरड्या फडक्यानं. पावसाळ्यात पत्रा सुकायला वेळ लागतो. ओल्या बोर्डावर लिहू नका, शाई फुटते आणि मार्करचं टोकही बिघडतं. डस्टर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. काळं झालेलं डस्टर पुसत नाही, रंग लावत सुटतं.

आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलच्या दुकानात मिळतं, ७० टक्क्यांचं पुरतं. फडक्यावर घ्या, बोर्डावर शिंपडू नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास निरांजन, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको, कारण ते झटकन पेट घेतं. नंतर ओलं आणि मग कोरडं फडकं फिरवा. सॅनिटायझरनंही डाग निघतो, पण त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. त्याचा चिकट थर मागे राहतो, म्हणून तो वापरलात तर पाण्यानं पुसणं चुकवू नका. भांड्यांची पावडर, तारेची घासणी, राख, थिनर, पेट्रोल यांतलं काहीही बोर्डाला लावू नका. त्या दिवशी डाग जाईल, पण त्याबरोबर चकाकीही जाईल आणि पुढे प्रत्येक अक्षर तिथेच अडकेल.

परमनंट मार्करनं लिहिलं गेलंच, तर त्याच रेघांवर काळा व्हाइटबोर्ड मार्कर भरपूर गिरवा आणि ओला असतानाच पुसा. नव्या शाईतलं अल्कोहोल जुनी शाई सैल करतं आणि तेलकट घटकामुळे दोन्ही एकत्र निघून येतात. जुन्या सावलीवरही आधी हाच उपाय करा, मग अल्कोहोल.

एवढं करूनही शेवटच्या बाकावरून सावली दिसत असेल तर तो पत्रा संपला आहे. त्यावर चिकटवायच्या पांढऱ्या फिल्मचे रोल मिळतात, पण दमट हवेत त्यांच्या कडा सुटतात आणि मध्ये फुगे येतात, म्हणून मी तो खर्च करत नाही. जुना बोर्ड काढून त्यावर तक्ते लावायला सुरुवात करा आणि शिकवायला नवा आणा. मेमध्ये सुट्टी लागली की दुकानांत गर्दी नसते, तेव्हाच ठरवून टाका. म्हणजे पंधरा जूनच्या आत भिंत कोरडी असतानाच सुताराचं काम उरकतं.