काळा रंग आणि तेल: गिटारच्या बॉडीवर या चुका टाळा

काळ्या रंगाखाली सगळं खपून जातं, हा समज डब्यातल्या ऑइल पेंटमुळे झालाय. लाकडात मुरणारा काळा रंग उलट चहाड्या करतो. गोंद कुठे सांडला, सँडपेपर कुठे आडवा मारला, सगळं उघडं पडतं.

माझ्या पहिल्या बॉडीवर जोडाजवळ नखाएवढा पांढुरका डाग राहिला. तीनदा रंग दिला, तरी तो तसाच. चिकटवताना बाहेर आलेला गोंद लाकडात बसला होता, तिथे रंग शिरणार कसा? मग तो खरवडला, 180 नंबरच्या पेपरने घासला आणि तिथे पुन्हा रंग दिला. आता मी रंगाआधी अख्ख्या बॉडीवर स्पिरिटचा फडका फिरवतो. गोंद असतो तिथलं लाकूड भिजून गडद होत नाही, लगेच दिसतं. किटमधली (सुट्या भागांच्या तयार संचातली) बॉडी असेल तर पाण्याचा थेंबही टाकून बघा. तो मण्यासारखा तसाच बसून राहिला तर आधीच सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, मारलेला आहे. तो उतरवल्याशिवाय रंगाची बाटली उघडूच नका.

पेपर 120, 180, 220, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. हौसेने 400 पर्यंत जाऊ नका. लाकूड तुळतुळीत होतं आणि रंग फिका बसतो. रंग पाण्यातला असेल तर त्याने लाकडाची लव उभी राहते. म्हणून आधीच ओला फडका फिरवा, वाळू द्या आणि उठलेली लव 220 ने हलक्या हाताने काढा.

रंग वाळल्यावर बॉडी पाटीसारखी राखाडी दिसते. तिथे बरेच जण घाबरून थरावर थर देतात. थांबा, तेल लागलं की काळेपणा परत येतो. जांभळट झाक मात्र तेलाने जात नाही. त्यासाठी रंगाच्या दुसऱ्या थरात थोडा तपकिरी रंग मिसळा, आणि आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर बघा.

आता तेल. घाण्याचं जवसाचं तेल चटणीवर छान. लाकडावर ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ जवसाचं तेल मागा. रंगानंतर निदान एक दिवस जाऊ द्या, पावसाळ्यात दोन. तेलाचा पातळ हात (थर) द्या, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून काढा, आणि पुढचा हात दुसऱ्या दिवशी. पहिला फडका थोडा काळा होणारच. दोन दिवसांनीही बोट चिकटत असेल तर तेल जास्त झालंय. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, वरून नवीन थर देऊ नका.

पहिल्या दोन हातांमध्ये पेपर मारायचा मोह आवरा. कडांवरचा रंग उडून आतलं पांढरं लाकूड डोकावतं. स्टील वूल (लोखंडी तारांचा घासणीचा बोळा) वापरायचं तर पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबकाचे भाग, बसवण्याआधीच, नाहीतर त्याचे बारीक तुकडे चुंबकाला चिकटतात. गिटारची नेक (दांडा) बसते त्या खाचेला मास्किंग टेप लावायला विसरू नका.

तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा.

पंधरा दिवसांनी बॉडीवर हात टेकतो तिथे पांढरा रुमाल घासून बघा. काळा झाला तर अजून एक हात तेल द्या, आणि तोवर पांढरा झब्बा घालून वाजवायला बसू नका.