दिवाणखान्यातील क्वार्टेट: तरुण वादकांची छोटी मैफल कशी भरवावी

दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडी मोठी, खालच्या सुराची) आणि एक चेलो (जमिनीवर टेकवून बसून वाजवायचे, खर्जाचे) यांचे स्ट्रिंग क्वार्टेट घरातल्या खोलीतच खरे खुलते. संगीतकार मोझार्टने 1785 मध्ये व्हिएन्नातील आपल्या राहत्या घरी ज्येष्ठ संगीतकार हायडनला आपले नवे क्वार्टेट, म्हणजे या चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना, ऐकवले, तेव्हा वादकांमध्ये तो स्वतःही बसला होता. म्हणून पुण्यात अशी मैफल ठरवताना सभागृहाच्या तारखा मागण्याआधी एखाद्या स्नेह्याचा ऐसपैस दिवाणखाना किंवा पेठेतल्या वाड्याची माडी पाहून यावी.

खोलीत उभे राहून एक टाळी वाजवावी. आवाज लगेच विरला तर जाड पडदे बाजूला सारावेत आणि गाद्यांचे सोफे बाहेर काढावेत. फार घुमला तर भिंतीलगत जाजम अंथरावे. जुन्या माडीची लाकडी जमीन मिळाली तर ती सोडू नये, कारण चेलोचा टोकदार पाय तिच्यावर टेकला की खर्जातले स्वर बसलेल्यांच्या तळव्यांपर्यंत पोहोचतात. शहाबादी फरशीवर मात्र तो पाय घसरतो, तेव्हा त्याखाली रबराची चकती हवीच. माइक लावू नये. तीस श्रोते पुष्कळ झाले, आणि पहिली रांग वादकांपासून पाच-सहा फुटांवर असावी; वाजवायचा गज (बो) तारेवर टेकतानाची कुजबुज तिथूनच ऐकू येते.

तारीख ठरवताना हवेचा विचार आधी करावा. पावसाळ्यात लाकूड फुगते, खुंट्या अडकतात आणि लावलेला सूर टिकत नाही. शिवाय गणपतीच्या आधीचे काही आठवडे संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, फक्त सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस टाळावेत.

वादकांना आर्मच्या खुर्च्या देऊ नयेत, कोपर अडते. डावीकडून पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि उजव्या टोकाला चेलो अशी अर्धवर्तुळाकार बैठक मला नवख्या गटासाठी योग्य वाटते. व्हायोला टोकाला बसली तर तिचे तोंड श्रोत्यांपासून दूर वळते, आणि आधीच मृदू असलेला तिचा आवाज आणखी मागे पडतो. पंखा बंद ठेवावा. आमच्याकडच्या एका मैफलीत संथ भाग चालू असताना दुसऱ्या व्हायोलिनचे पान वाऱ्याने उलटले. सोळा वर्षांच्या त्या मुलीने गजाच्या टोकाने ते दाबून धरले, पण तिचे दोन स्वर हुकले आणि तो हिरमोड तिच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत राहिला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक स्टँडला दोन चिमटे लावतो.

कार्यक्रम पाऊण तासाचा पुरे. हायडनचे एक पूर्ण क्वार्टेट आणि त्याच्या जोडीला एक-दोन लहान रचना एवढेच ठेवावे, कारण तरुण हातांना दमवण्यापेक्षा पुन्हा ऐकावेसे वाटणे महत्त्वाचे. क्वार्टेटचे बहुधा चार भाग असतात आणि मधल्या थांब्यांत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे यजमानांनी आरंभी दोन वाक्यांत, प्रेमाने सांगावे. वादकांना अर्धा तास आधी त्याच खोलीत बसवावे; वाद्ये तिथल्या हवेला रुळतात, मग सूर लावावा.

मैफल संपल्यावर चहा लगेच आणू नये. मुलांना तारांवरची राळेची भुकटी मऊ कापडाने पुसू द्यावी, गज सैल करू द्यावेत, वाद्ये पेटीत ठेवू द्यावीत. मग कप बाहेर काढावेत.