थंड आयनांवर काम करायचंय? आधी विचारा, तापमान कुणाचं

एम.एस्सी. करून रेणवीय आयनांच्या (विद्युतभारित रेणूंच्या) प्रयोगशाळेत पीएच.डी.ला येणाऱ्यांचं क्वांटम मेकॅनिक्स बहुधा पक्कं असतं. प्रयोगातलं तापमान नक्की कुणाचं, हे विचारायची सवय मात्र नसते. मी स्टोरेज रिंगवर, म्हणजे आयनांची शलाका निर्वातात गोल फिरती ठेवणाऱ्या यंत्रावर, हायड्रॉक्साइडच्या ऋण आयनांचं परिवलन (स्वतःभोवती फिरणं) थंड होताना मोजलं आहे, आणि या कामाचा गाभा मला तिथेच दिसतो.

रिंगच्या भिंती पंधरा केल्विनच्या आसपास किंवा त्याहून थंड असतात. आतले आयन सेकंदाला शेकडो किलोमीटर धावतात. आणि प्रत्येक आयन स्वतःभोवती गरगरत असतो, ते परिवलन स्रोतातून निघताना चांगलंच तापलेलं असतं. आपल्याला मोजायचं असतं ते हे शेवटचं. निर्वातात टक्कर द्यायला जवळपास कुणी नाही, त्यामुळे आयन थंड होतो तो फक्त प्रकाशकण सोडून. पहिल्या परिवलन पातळीवरून (जे = १) तळाच्या पातळीवर (जे = ०) उतरायला त्याला सरासरी तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून शलाका कित्येक मिनिटं फिरती ठेवावी लागते, आणि म्हणूनच निर्वातासाठी इतका आटापिटा.

अशा आयनाला थर्मामीटर लावता येत नाही, तिथे लेझर कामाला येतो. जे = ० मधल्या आयनाचा जादा इलेक्ट्रॉन उडवायला साधारण ६७८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश लागतो. तरंगलांबी किंचित वाढवून ६८० च्या पुढे न जाता थांबलात, तर जे = ० चे आयन शाबूत राहतात आणि जे = १ व त्यावरच्या पातळ्यांतलेच इलेक्ट्रॉन गमावतात. उदासीन झालेला रेणू विद्युतक्षेत्राला जुमानत नाही. वळणावर सरळ निघून डिटेक्टरवर आदळतो. मिनिटागणिक हे आकडे घसरतात, आणि ती घसरण म्हणजेच थंड होण्याचा आलेख. अर्थात उरल्यासुरल्या वायूवर आपटूनही उदासीन रेणू तयार होतात, म्हणून लेझर बंद ठेवून तितक्याच काळजीने मोजावं लागतं. शिवाय लेझर वरच्या पातळ्या स्वतःच रिकाम्या करतो, तेही मॉडेलमध्ये धरायचं.

आता कागद-पेन घ्या. जे = ० आणि १ मधलं अंतर तापमानाच्या भाषेत सुमारे ५४ केल्विन आहे. १३.४ केल्विनला बोल्ट्झमनचं सूत्र (दिलेल्या तापमानाला कुठल्या पातळीवर किती आयन असतील ते सांगणारं) लावलंत की सुमारे ९५ टक्के आयन तळाशी सापडतील. स्टॉकहोमच्या डेझिरे रिंगवर २०१७ मध्ये नेमकं हेच मोजलं गेलं, आणि रिंगचं तापमानही १३.५ च्या आसपासच होतं. ही जुळणी मला आजही विलक्षण वाटते, कारण त्याआधीच्या ट्रॅप (आयन एका जागी धरून ठेवणारी यंत्रं) आणि रिंगांमध्ये रेणू भिंतींपेक्षा गरम निघत.

गरम का निघत, याचं एक कारण याच गणितात सापडतं. भिंती ६ केल्विनवर आहेत असं धरा. त्या हिशेबाने जे = १ मध्ये हजारात एकही आयन उरू नये. पण खिडक्यांमधून खोलीच्या ३०० केल्विनच्या उष्णता-प्रारणाचा फक्त एक टक्का आत आला, तरी त्यातले प्रकाशकण शोषून साधारण आठवा हिस्सा जे = १ मध्ये अडकून राहतो आणि रेणूंचं तापमान १८ केल्विनजवळ थबकतं. भिंतीवरचा सेन्सर मात्र ६ च दाखवत असतो. हे गणित स्वतः करून आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात गटाच्या चर्चेत भाग घेऊ शकतो.

बाकी तयारी साधी आहे: पायथॉनमध्ये दर-समीकरणं (पातळ्यांमधले आयन वेळेनुसार कसे बदलतात ते सांगणारी) सोडवता यावीत, पॉयसन आकडेमोडीतली, म्हणजे एकेक कण मोजताना येणारी, अनिश्चितता कळावी. पंप आणि गळती शोधणं तिथे गेल्यावर शिकता येतं.

गट निवडताना रिंग की ट्रॅप हे आधी ठरवा. इन्सब्रुकला आयन बावीस दांड्यांच्या ट्रॅपमध्ये धरून थंड हेलियमच्या टकरांनी निववतात. तिथे टक्करदर आणि रेडिओ-लहरींमुळे येणारी ऊब यांचा अभ्यास जास्त लागेल. हायडेलबर्ग किंवा स्टॉकहोमच्या रिंगवर जायचं असेल तर प्रारण आणि निर्वात आधी पक्कं करा. तिन्ही ठिकाणी याच आयनावर काम झालं आहे, त्यामुळे २०१५ ते २०१७ मधले त्यांचे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचा आणि प्रत्येकात रेणूचं तापमान भिंतीच्या तापमानापेक्षा किती वेगळं आलं ते समासात लिहीत जा.