खडू, टॉर्च आणि आमचा रविवार

आमच्या इतिहास मंडळात नवीन कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "उत्खनन कधी असतं?" नसतं. उत्खननाला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि तो विद्यापीठांना, सरकारी खात्यांना मिळतो. आपल्यासारख्या हौशी माणसाने कुदळ उचलायची नाही. आम्ही बघतो, मोजतो, लिहून ठेवतो. हे ऐकून निम्मी मंडळी दुसऱ्या रविवारी येत नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी हे लिहिते आहे.

मी बी.कॉम., दिवसभर एका सीएच्या ऑफिसात व्हाउचर तपासते. इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच. मैत्रिणीच्या आग्रहाखातर नाशिकच्या पांडवलेण्यांवर गेले, तेव्हा डोक्यात फक्त उतरल्यावर मिसळ कुठे खायची एवढंच होतं. दहा नंबरच्या लेण्यात मंडळातले एक काका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, ओसरीतल्या भिंतीवरचा ब्राह्मी या प्राचीन लिपीतला लेख समजावत होते. नहपान या शक राजाचा (क्षत्रपाचा) जावई उषवदात याने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि वर 3000 कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी.

सवयीने मी मनात हिशेब केला. दोन हजारांवर महिना 20, वर्षाचे 240. वीस भिक्षू गुणिले बारा, 240. टॅली! जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाचाही फरक न पडता जुळला, आणि मी तिथेच अडकले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचंच गोवर्धन, हे कळल्यावर तर काय, तिथे माझी मावसबहीण दिली आहे.

तेव्हा नवीन माणसाला माझं सांगणं, सगळा इतिहास एकदम शिकायला जाऊ नका. आपल्या धंद्यातलं काही सापडतं का ते बघा. मंडळातला एक सुतार सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या खांबांपुढे तास घालवतो, आणि दगडाचे सांधे तो दाखवतो तसे एकाही पुस्तकात मला दिसले नाहीत.

ब्राह्मीची धास्ती घेऊ नका. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह, 'ठ' म्हणजे वर्तुळ, 'थ' म्हणजे मधे ठिपका असलेलं वर्तुळ. पंधरा दिवस रोज चार अक्षरं गिरवली की 'सिधं' हा आरंभीचा शब्द स्वतः वाचता येतो. मला आला त्या दिवशी मी लेण्यातच ओरडले होते. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिचा मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याला क्षहरातांचा वंश निःशेष करणारा म्हटलंय. क्षहरात म्हणजे दहा नंबरवाल्या नहपानाचंच घराणं. दोन्ही लेणी एकाच डोंगरात, चालत दोन मिनिटांवर. याच भांडणाचा तिसरा पुरावा नाण्यांचा. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. अशा नाण्यावर भिंगातून पाहिलं की वर तीन कमानींचा डोंगर दिसतो आणि खाली दबलेल्या नहपानाचं नाक. नाण्यांची गोडी असेल त्याने अंजनेरीची नाणे संशोधन संस्था जरूर बघावी.

आता माझी फजिती. एका गावात गद्धेगाळ सापडला, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड. वर चंद्रसूर्य, मधे झिजलेला देवनागरी लेख, खाली गाढवाची ती शिवी. अक्षरं नीट दिसेनात म्हणून मी पर्समधला खडू काढून सगळी भरून टाकली. फोटो झकास आला. काकांनी तो पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "हे तुझं अक्षर आहे गं, दगडाचं नाही." दोन आठवड्यांनी दिवस मावळल्यावर पुन्हा गेलो. टॉर्च समोरून न मारता दगडाला टेकवून बाजूने धरला. सावल्या पडल्या, अक्षरं उठून आली, आणि मी शक वर्षातला एक आकडा म्हणून भरलेली रेघ साधी चीर निघाली. खडू, पीठ, तेल, पाणी, काही म्हणजे काही लावायचं नाही. कोरडा मऊ ब्रश, मोजपट्टी आणि टॉर्च पुरे. फोटोत मोजपट्टी हवीच, नाहीतर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) आहे की पाटा ते पुढच्याला कळत नाही.

शेतात खापरं दिसतील, नांगरटीनंतर तर फार. उचलू नका, जागेचा फोटो घ्या, गट नंबर विचारा. नाणी किंवा दागिना मिळाला तर 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांवरचा ऐवज कलेक्टरला कळवावा लागतो. होय, दहाच रुपये.

यात करिअर आहे का? ज्याला पोटापाण्यासाठीच करायचंय त्याने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. करावं. आमच्यात नोकरी सांभाळून येणारेच जास्त.

गावात शिरताना मात्र थेट दगडाकडे जाऊ नका. आधी सरपंच नाहीतर पोलीस पाटील. टेप आणि टॉर्च घेतलेली चार माणसं दिसली की लोकांना गुप्तधनवाले वाटतात, आणि त्यांचं चुकत नाही. तसले लोक खरंच येऊन मूर्ती उलट्यापालट्या करून जातात. दिंडोरीकडच्या एका गावात वीरगळ मोजत होतो. तीन टप्प्यांचा: खाली घोड्यावरून लढणारा वीर, मधे त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. एक आजी काठी टेकत आल्या.

"काय धुंडता रे? हंडा?"

"नाही आजी, लिहून घेतोय."

"काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. उंची, रुंदी, दगड बेसाल्ट, टप्पे तीन, काळ अंदाजे यादव.

"आन् नाव?"

"नाव कोरलेलं नाहीये आजी."

"कोरायला कशाला पायजे? घोडेबाबा हाय तो. दर अवसेला नारळ असतो त्येला."

आमच्या नोंदवहीत तोवर 'स्थानिक नाव' असा रकानाच नव्हता. तिथेच पट्टीने रेघ मारली, 'घोडेबाबा' लिहिलं आणि आजींना दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.